काळं मंजन, गुलाबी मंजन आणि मी

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे मी पाव तासात कागदावर सिद्ध करून दाखवीन, असं मी त्या काळी भेटेल त्याला सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे! साल अठ्ठेचाळीस. संख्याशास्त्राची पदवी नवीकोरी होती आणि गिरगावातल्या 'मौक्तिक दंतमंजन' कंपनीत मी चिकटलो होतो. चिकटलो म्हणजे तात्पुरता. मॅनेजर सबनीस रोज सकाळी माझ्याकडे असे बघत, की हा माणूस कालच निघून गेला नव्हता का!

ही नोकरी कायम होणं माझ्या दृष्टीनं जीवनमरणाचा प्रश्न होता, कारण तिच्यावर प्रमोदिनी अवलंबून होती. प्रमोदिनी म्हणजे कर्जतच्या पेठेतले दुकानदार दत्तोपंत यांची मुलगी. माझे काका, तात्या, शेजारच्या दहिवलीत राहत. त्यांनी हे स्थळ काढलं होतं. मुलगी बघायला गेलो आणि मान वर करून एकदाच बघितलं. तेवढ्यात माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण दत्तोपंतांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "नोकरी कायम झाल्याचा कागद दाखवा आणि मुलगी घेऊन जा. तात्पुरत्या माणसाला मी कायमची मुलगी देत नाही."

दत्तोपंतांचा आवाज असा, की त्यांनी दुकानात "साखर" म्हटलं की स्टेशनावरचा हमाल वळून बघे. आणि घरातही ते त्याच आवाजात बोलत. आमटीत मीठ कमी पडलं तर ते अख्ख्या पेठेला कळायचं.

नशीब असं की कंपनीचं कर्जत भागातलं विक्रीचं काम याच दत्तोपंतांकडे होतं. एक दिवस सबनीसांनी मला बोलावून समोर दोन डब्या ठेवल्या. एकीत काळं मंजन, बाभळीच्या कोळशाचं. दुसरीत गुलाबी, गेरू आणि कापूर घातलेलं.

"सगळ्या गावांना दोन्ही पाठवायला माल पुरत नाही," सबनीस म्हणाले. "कुठल्या गावाला कुठला रंग आवडतो ते शोधून काढा. तुमचं ते शास्त्र वापरा. पहिला माल खपला तर तुम्ही कायम."

मला वाटलं देवानंच डब्या पाठवल्या. मी थेट कर्जत गाठलं आणि दत्तोपंतांच्या दुकानामागच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांना माझी कसोटी समजावून सांगितली. दोन गावं घ्यायची, सपाटीवरचं दहिवली आणि डोंगराखालचं कोंडाणे. तिथल्या बायकांना रंग विचारायचा आणि दोन गावं, दोन रंग असा चार घरांचा तक्ता आखायचा. गावाचा आणि रंगाचा काहीएक संबंध नसता तर कुठल्या घरात किती बायका पडल्या असत्या ते काढायचं. मग प्रत्यक्षात किती पडल्या ते बघायचं. दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्यानं भागायचा आणि चारही घरांची बेरीज घ्यायची. बेरीज लहान आली तर योगायोग. मोठी आली तर संबंध पक्का!

"आणि त्या बायकांनी मनातलं सांगितलंच नाही तर?" आतल्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन प्रमोदिनी उभी होती. तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माणसं काहीही सांगोत," मी मान ताठ करून म्हणालो, "बेरीज खरं सांगते."

हे वाक्य मला फार आवडलं. तिला आवडलं की नाही कळलं नाही, कारण ती तांब्या ठेवून आत गेली.

दहिवलीत काम लोण्यासारखं झालं. तात्यांना बरोबर घेऊन मी घरोघर फिरलो. दारात उभं राहायचं, उजव्या हातात काळी डबी, डाव्या हातात गुलाबी, आणि विचारायचं, "यातलं कुठलं आवडतं?" ज्या डबीचं नाव घेतील ती त्यांना फुकट द्यायची. बायका पदर सावरत, क्षणभर डब्यांकडे बघत आणि म्हणत, "द्या ती काळी." एकामागून एक, सगळ्या काळीवाल्या. एका म्हातारीनं तेवढी गुलाबी घेतली, पण तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती चाचपडत आली आणि जी हाताला लागली ती तिनं धरली.

दुसऱ्या दिवशी कोंडाण्याला चालत गेलो. वाटेत काळ्या डबीचं झाकण सैल झालं आणि धोतरावर कोळशाचा पट्टा उमटला. म्हणून मी ती डाव्या हातात अंगाशी घट्ट धरली आणि गुलाबी उजव्या हातात घेतली. गावात पहिलंच घर हिरामणचं. हिरामण गावात मानाचा माणूस. त्याची बायको जयवंता अंगणात भात वाळत घालत होती.

"कुठलं आवडतं, बाई?"

जयवंतानं माझ्याकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं. "ती गुलाबी द्या, दादा," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी डबी घेऊन कपाळाला लावली. मग गूळपाणी आणून दिलं.

पुढच्या घरी गुलाबी. त्याच्या पुढच्या घरी गुलाबी. संध्याकाळपर्यंत अख्खं कोंडाणे गुलाबी झालं होतं! परतताना मी इतका खूश होतो, की धोतरावरचा डागसुद्धा मला शोभेचा वाटत होता.

तात्यांच्या ओसरीवर बसून बेरीज केली आणि ती पुन्हा तीनदा तपासली. माझ्या पुस्तकाच्या शेवटी जो कोष्टकांचा भाग होता, त्यात एवढा मोठा आकडा छापलेलाच नव्हता. योगायोगानं असं घडायचं तर सूर्य पूर्वेला खंडाळ्याच्या बाजूला मावळला असता.

संबंध सापडला की त्याचं कारणही सापडतं. मी ते जेवता जेवताच शोधलं. "डोंगराच्या माणसाला पळस, पांगारा, काटेसावर डोळ्यासमोर," मी तात्यांना म्हणालो. "म्हणून त्याची नजर लालगुलाबीवर जाते. सपाटीवरचा माणूस शेत भाजतो, राखेत वावरतो, त्याला काळ्याची सवय."

"मग मी इथे पन्नास वर्षं राहतो," तात्या ताकाचा भुरका मारून म्हणाले, "आणि मला पांढरं का आवडतं?"

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

सबनीसांनी अहवाल वाचला आणि पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली. दत्तोपंतांना तार गेली. कोंडाण्यासह डोंगराकडच्या सगळ्या वाड्यांना गुलाबी, कर्जत-दहिवलीकडे काळं. दत्तोपंतांनी दोन बैलगाड्या भरून माल उतरवून घेतला आणि त्यातला काही गावोगावच्या दुकानांत धाडला. तेव्हा त्यांचा आवाज मला जरासा मऊ वाटला.

आठवडा गेला आणि कोंडाण्याच्या दुकानातून निरोप आला, की होता तेवढा गुलाबी माल संपला. आणखी पाठवा!

मी दुकानात उडीच मारली. दहिवलीत काळ्याची एक डबीही हलली नव्हती, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही. तात्यांची शेजारीण इंदूबाई तर मला वाटेत अडवून म्हणाली होती, "चुलीतला कोळसा फुकट हाय, तो डब्यात भरून इकत घ्यायला आमी काय खुळ्या हाव?" तरीही मी म्हटलं, बाजार जरा मंद आहे. सबनीसांना मी तार ठोकली, 'कोंडाणे साफ खपलं, सिद्धान्त खरा.' उलट तार आली, 'शाबास, कायम झाल्याचा कागद तयार करतो.' ती तार दत्तोपंतांनी पेठेत सगळ्यांना वाचून दाखवली. नुसती पुटपुटली असती तरी सगळ्यांना ऐकू गेली असती.

त्या दिवशी पाणी द्यायला प्रमोदिनी आली तेव्हा मी म्हणालो, "बघितलंत? बेरीज खरं सांगते."

"खपलं खरं," ती म्हणाली. "पण एवढ्याशा गावात इतके दात आहेत का?"

मला तो थट्टेचा सूर वाटला. थट्टा म्हणजे आपुलकी, अशी माझी त्या वेळची समजूत होती.

पुढच्या सोमवारी दुकानासमोर एक बैलगाडी येऊन उभी राहिली. आतून हिरामण उतरला. त्याच्यामागून त्याचा मुलगा नवशा उतरला, नवा फेटा बांधलेला, हळद लागलेला आणि डोळे टोमॅटोसारखे लाल झालेला. त्यांच्यामागून आणखी चारपाच माणसं. सगळ्यांचे डोळे तसेच.

"कोन त्ये मंजनवालं?" हिरामणनं विचारलं.

दत्तोपंतांनी एका क्षणात माझ्याकडे बोट दाखवलं. व्यापारात माणूस किती चपळ होतो ते मी त्या दिवशी बघितलं.

झालं होतं असं. नवशाचं लग्न खालापूरला ठरलं होतं. लढाईनंतरची टंचाई अजून सरली नव्हती, बाजारात गुलाल मिळेना. वरातीला गुलाल नाही म्हणजे नवऱ्याकडची शोभा गेली. अशात घरोघर ठेवलेल्या त्या फुकटच्या गुलाबी डब्या जयवंताच्या डोळ्यांपुढे आल्या. रंग झकास, वास तर गुलालाहूनही चांगला! तेवढ्या पुरल्या नाहीत म्हणून त्यांनी गावातल्या दुकानातला सगळा माल उचलला आणि वरात खालापूरच्या वेशीत शिरताना मुठी भरभरून उधळला. त्यात कापूर होता, डोळ्यांना झोंबणारं ओव्याचं फूल होतं.

"पयली मूठ उधळली आन् वाजंत्री थांबली," हिरामण सांगत होता. "सनईवाला डोळं चोळीत बसला. मंग ढोलवाला. नवऱ्याला दिसंना, घोडी चालंना. आमी सगळी रडत रडत मांडवात गेलो. पोरीकडची मानसं म्हनाली, येवढा जीव लावणारी मानसं आमी बगितली नाय. तीबी रडाय लागली."

"मग लग्न?" दत्तोपंतांनी विचारलं.

"लगीन झालं. पन ह्यो मंगलाष्टकात शिंकत व्हता. प्रत्येक 'सावधान'ला एक. भटजीबी शेवटी घाबरलं."

नवशानं कसंबसं हसायचा प्रयत्न केला आणि पुन्हा शिंकला.

दत्तोपंत माझ्याकडे वळले. "दात घासायला खपलं नाही," ते म्हणाले, आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या पॅसेंजरच्या खिडक्यांतून माणसं बाहेर डोकावली असावीत. "वरातीत उधळायला खपलं! हा तुमचा सिद्धान्त!"

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला. माझी बेरीज खोटी असणं शक्य नव्हतं. "या लोकांनी स्वतःच्या तोंडानं गुलाबी निवडलं होतं," मी म्हणालो. "चला माझ्याबरोबर कोंडाण्याला. तुमच्यासमोर पुन्हा विचारतो. तेव्हा तरी पटेल."

दत्तोपंत बैलगाडीत चढले ते मला बुडवायलाच, हे मला कळत होतं. पण प्रमोदिनी दाराशी उभी होती. माघार घेणं शक्यच नव्हतं.

कोंडाण्याला पोचलो तेव्हा हिरामणच्या अंगणात नव्या सुनेला बघायला बायका जमल्या होत्या. मी पिशवीतून दोन डब्या काढल्या. काळीचं झाकण आता नीट बसवलेलं होतं. उजव्या हातात काळी, डाव्या हातात गुलाबी घेतली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "सांगा, यातलं कुठलं आवडतं?"

"काळी द्या," जयवंता म्हणाली.

"काळी," दुसरी म्हणाली.

"मला बी काळीच," नवी सून पदराआडून म्हणाली.

"अहो, पण महिन्यापूर्वी तुम्ही सगळ्यांनी गुलाबी सांगितलं होतं! आता डोळे झोंबले म्हणून काळी म्हणता का?"

"डोळं झोंबलं त्ये येगळं," जयवंता म्हणाली. "तवा गुलाबी उजव्या हातात व्हती."

मी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"पावना दारात येतो, काय तरी देतो. उजव्या हातानं देतो त्येच घ्यायचं ना? डाव्या हातातलं मागायचं म्हंजे पावन्याला शिकवल्यावानी व्हतं. आन् डाव्या हातातलं घेऊन देवाम्होरं ठेवायचं कसं?"

"पण मी देत नव्हतो! मी विचारत होतो!"

"इचारून दिलंच ना?" जयवंता म्हणाली. तिच्या आवाजात थोडी दया होती. "आन् पावन्याला नाय कसं म्हनायचं?"

"मग तुम्हाला यातलं खरोखर आवडतं कुठलं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आवडायचं काय त्यात? आमी मिशरी लावतो."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. जळलेल्या तंबाखूची मिशरी, पिढ्यान्‌पिढ्यांची. मंजनाचा आणि त्यांच्या दातांचा कधी प्रश्नच आला नव्हता.

डाव्या हातानं काही देऊ नये हे काय मला माहीत नव्हतं? आईनं लहानपणी त्यावरून मला किती चापट्या मारल्या होत्या! पण मी शास्त्र करायला गेलो होतो, आणि शास्त्राला हात असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दहिवलीत उजव्या हातात काळी होती म्हणून दहिवली काळी. कोंडाण्यात झाकण सैल झालं म्हणून कोंडाणे गुलाबी. तक्त्यात गावांची नावं खोडून तिथे काळी डबी कुठल्या हातात होती ते, 'उजवा' आणि 'डावा', लिहिलं असतं तर बेरीज अगदी तेवढीच आली असती. बेरजेनं खरंच सांगितलं होतं. मी तिला भलतंच विचारत होतो.

परतीच्या वाटेवर दत्तोपंत गाडीत बोलले नाहीत. ते साठवत होते. कर्जतची वेस लागली आणि त्यांनी सुरुवात केली. ते घरापर्यंत, ओट्यावर, दिवे लागेपर्यंत चालू राहिलं. मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मी सबनीसांना सगळं खरं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर सौजन्याचं होतं. शास्त्राविषयी कंपनीला आदर आहे, तुमची मात्र गरज उरलेली नाही.

दत्तोपंतांच्या वखारीत गुलाबी आणि काळ्या डब्यांचा डोंगर तसाच उभा होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "हा माल माझ्यामुळे पडून आहे," मी म्हणालो. "संपेपर्यंत मी दुकानात बसतो. पगार नको."

"बसा," ते म्हणाले. "आणि लग्नाचं नाव काढू नका."

ते न काढणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत कठीण काम होतं. मी सकाळी दुकानात बसे आणि संध्याकाळी तात्यांकडे जाई. डब्या नेरळच्या बाजारात नेल्या, शाळेपुढे मांडल्या. एक दोन जात. दत्तोपंत ओरडत. माप इकडे का ठेवलं म्हणून ओरडत, तिकडे का नाही ठेवलं म्हणून ओरडत. पावसाबद्दल ओरडत, तोही जणू मीच आणला होता. प्रमोदिनी पाणी देई आणि काही न बोलता आत जाई. तिच्या डोळ्यांत काय आहे ते मला वाचता येत नव्हतं, आणि बघायचं धैर्यही उरलं नव्हतं. हे स्थळ हातचं गेलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. रात्री तात्यांसमोर एकदा डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मी कापराचं निमित्त सांगितलं.

दिवाळीच्या सुमारास तात्या एके सकाळी दत्तोपंतांकडे गेले आणि हसत परत आले. "हो म्हणाले!"

"कोण?"

"सगळे. मुलीनं हट्ट धरला. आईनंही धरला. दत्तोपंत एकटे पडले."

माझा विश्वास बसेना. मुलीनं हट्ट धरला! म्हणजे तिला सगळं कळलं होतं. भर अंगणात झालेली माझी फजिती, खरं लिहून दिलेलं पत्र, बिनपगारी बसणं. एका खऱ्या माणसाची तिनं पारख केली होती. माझी छाती हळूहळू पुन्हा पूर्वीच्या मापाची झाली.

दुपारी ओट्यावर ती पाणी घेऊन आली तेव्हा मला राहवलं नाही. "एक विचारू?" मी हळूच म्हणालो. "तुम्ही माझ्यात असं काय बघितलं?"

प्रमोदिनी जरा विचारात पडली. खोटं बोलणं तिला जमत नसे, हे पुढे मला अनेकदा कळलं.

"तुम्ही दुकानात बसायला लागल्यापासून," ती म्हणाली, "बाबा घरात कुणावर ओरडलेले नाहीत. सगळं तुमच्यावरच खर्च होतं. आत येतात ते दमून, गप्प जेवतात. आई म्हणते, तीस वर्षांत असं जेवण झालं नाही. ती म्हणाली, हे स्थळ गेलं तर मी माहेरी जाईन."

दोन गोष्टींचा असा पक्का संबंध मी पुस्तकातही बघितला नव्हता. त्यावर कसोटी लावायची काही गरज नव्हती. मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुमचं काय म्हणणं?"

तेवढ्यात दुकानातून माझ्या नावानं हाक आली, "त्र्यंबकराव!" पेठ हादरली.

प्रमोदिनी हसली. खरंच हसली, पहिल्यांदा. "जा लवकर," ती म्हणाली, "आणि तिथे बाहेरच उभे राहा. बाबा तुमच्यामागून आत आले तर आईची झोप मोडेल."

मी गेलो.